शिवयोगींच्या व्हॉल्व्हची खरखर

रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी शिवयोगींच्या डाव्या स्पीकरमधून कुणीतरी पापड मोडावा तसा आवाज आला. शिवयोगींनी मान तिरकी केली. मग उजव्या स्पीकरनेही पापड मोडला. त्यानंतर दोघांनी मिळून अख्खी पंगतच बसवली.

"महेश्वरी! मिक्सर बंद कर!"

"मिक्सर लावलाच नाही की मी," स्वयंपाकघरातून बायकोचं उत्तर आलं. "शेंगाची चटणी उखळात कुटायलेय."

"मग कुटू नको! हादरे बसायलेत!"

कुटणं थांबलं. खरखर थांबली नाही. शिवयोगी सोफ्यावरून उतरून खाली जमिनीवर, त्या डब्यासमोर मांडी घालून बसले.

त्या डब्याला प्रीअँप म्हणतात. शिवयोगी सोलापुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि हा डबा त्यांनी दोन वर्षं खपून स्वतःच्या हातांनी जोडला होता. त्यात बोटाएवढे चार काचेचे व्हॉल्व्ह होते. कॅसेटमधून निघालेलं गाणं आधी या व्हॉल्व्हमध्ये येतं, तिथं थोडं मोठं होतं आणि मग अँप्लिफायरमधून स्पीकरकडे जातं. अर्थात जे येईल ते मोठं करायचं एवढंच त्या डब्याला कळतं. आत मुंगी शिंकली की हॉलमध्ये म्हैस शिंकते. एरवी शिवयोगींनी ही खरखर चार-सहा दिवस सावकाश, चहा घेत घेत शोधली असती. खरं सांगायचं तर गाणं ऐकण्यापेक्षा त्यांना तेच जास्त आवडायचं. पण आज पाच वाजता यशपालचे वडील येणार होते.

यशपाल त्याच कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. पंचवीस वर्षं दोघांनी एका टेबलावर डबा खाल्लेला. त्याचे वडील रावसाहेब आज ऐंशी पूर्ण करत होते. तरुणपणी दिवसा गिरणीत आणि रात्री गायन पार्टीत, असं त्यांचं आयुष्य. जयंतीच्या दिवसांत त्यांचा आवाज ऐकायला कुंभारी गावापासून माणसं चालत यायची. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात गाणं गेलं आणि बोलण्यापुरता घोगरा आवाज तेवढा राहिला. त्या सगळ्या गाण्यांपैकी आता एक कॅसेट शिल्लक होती, चौऱ्याऐंशी साली घरातच भरलेली.

यशपालने ती कॅसेट नवी पेठेतल्या एका दुकानात नेली होती. दुकानदाराने फीत जराशी ओढून पाहिली आणि म्हणाला, "ही एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालली तर तुमचं नशीब. ठेवून जा, पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतो." शेजारी शिवयोगी उभे होते. त्यांना ते सहन झालं नाही.

"मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याच्या हातात तू रावसाहेबांचा गळा देणार?" दुकानाच्या पायरीवरच त्यांनी यशपालला झापलं होतं. "माझ्याकडं घेऊन ये त्यांना. व्हॉल्व्हमधून ऐकवतो आणि तिथूनच लॅपटॉपवर भरून देतो. समोर बसून गायल्यागत येतंय का नाही बघ!"

यशपालने मुकाट्यानं कॅसेट परत घेतली होती. म्हणजे आज ती एकदाच वाजणार, त्याच वेळी तिची नक्कल होणार आणि त्या नकलेत ही खरखर शिरली तर ती जन्मभराची शिरणार. ऐंशी वर्षांच्या माणसाचा उरलासुरला आवाज नासवण्याचं काम शिवयोगी स्वतःच्या हातांनी करणार होते, तेही मागून घेऊन.

शिवयोगी घाबरले, पण रीतीनं घाबरले. आधी त्यांनी कॅसेट डेकची वायर काढली. खरखर राहिली, म्हणजे कॅसेट डेक निर्दोष. मग फ्रिजचा प्लग काढला. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, इंटरनेटचा डबा बंद केला आणि प्रत्येक बटणावर 'हात लावू नये' अशी कागदाची पट्टी चिकटवली. प्रयोगशाळेतली सवय. खरखर आपल्या जागी ठाम.

मग त्यांनी डबा बंद करून डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडे लावला आणि उजवीकडचा डावीकडे. यात साधा हिशेब असतो. व्हॉल्व्हबरोबर खरखरही पलीकडे गेली, तर दोष त्या व्हॉल्व्हचा. डबा चालू केला. उजवीकडची खरखर वाढली, हे बरोबर झालं. पण डावीकडची पण तशीच राहिली, हे हिशेबात नव्हतं. त्यांनी पुन्हा अदलाबदल केली, तर दोन्हीकडची वाढली. एक वाजत आला होता. त्यांनी बार्शीला फोन लावला.

बार्शीचे अमरेशअण्णा हे जुन्या रेडिओंचे डॉक्टर. सत्तरी उलटलेली, दुकानात गिऱ्हाईक कमी आणि कपाटात व्हॉल्व्ह जास्त.

"अण्णा, खरखर यायलीय."

"पेन्सिल घ्या सर. लाकडाची. एकेका व्हॉल्व्हला हळूच टकटक करा. ज्याला मारल्यावर स्पीकर बोंबलेल, तो खराब."

शिवयोगींनी पहिल्याला टकटक केली. स्पीकर बोंबलला. दुसऱ्याला केली, बोंबलला. तिसऱ्यालाही तेच.

"चौथ्यानं तर शिवी दिली की अण्णा."

"चारीच्या चारी एकदम जात नसतात ओ सर. बरं, काचेच्या शेंड्याला बघा. तिथं आतून चंदेरी डाग असतो, आरशागत. तो आहे का?"

शिवयोगींनी व्हॉल्व्हवरच्या पत्र्याच्या टोप्या काढल्या, वाचायचा चष्मा लावला, बॅटरी मारली आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"चंदेरी नाही अण्णा. पांढरं दिसायलंय."

बार्शीत मागे चालू असलेला रेडिओ अण्णांनी बंद केला.

"दुधागत पांढरं?"

"दुधागत."

"चारी?"

"चारी."

"सर, मन घट्ट करा," अमरेशअण्णा आवाज उतरवून म्हणाले. "काचेला बारीक चीर गेली, आत हवा शिरली की तो डाग पांढरा पडतो. मग काही उपाय नसतो. गेले ते."

शिवयोगींनी चारही व्हॉल्व्ह बुडाशी धरून एकेक करून बाहेर काढले, एका रुमालात ठेवले आणि वरून रुमालाचं टोक ओढून घेतलं. पुन्हा तिकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

"माझ्याकडं तसलेच चार आहेत," अमरेशअण्णा म्हणाले. "आत्ता पावणेदोनच्या एसटीनं पाठवतो. कंडक्टर ओळखीचा आहे. स्टँडवर येऊन घ्या."

शिवयोगींनी फोन ठेवला तेव्हा महेश्वरी दारात उभी होती. तिचा चेहरा घामानं निथळत होता.

"अहो, पंखा तरी लावू का?"

"नाही."

"फ्रिजमध्ये दही आहे. गव्हाची हुग्गी केलीय, दूध आहे."

"महेश्वरी, चार व्हॉल्व्ह गेले."

"मोबाईलवर लावा की मग गाणं. त्याला छोटा स्पीकर मिळतो."

शिवयोगींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती दही माठाशेजारी ठेवायला निघून गेली.

एसटी साडेतीनला यायची ती चारला पाच कमी असताना आली. तोपर्यंत शिवयोगी स्टँडवर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. कंडक्टर उतरला तो एक स्टीलचा डबा दोन्ही हातांत धरूनच.

"शिवयोगी सर तुम्हीच का? घ्या बाबा. अण्णा म्हणले, लेकरागत न्या. मांडीवर घेऊन आलो की, तिकिटं बी एका हातानं फाडली. हाय तरी काय यात?"

शिवयोगींनी झाकण उघडलं. आत गच्च ज्वारी भरलेली होती.

"ज्वारी?" कंडक्टरचा चेहरा पडला. "ज्वारी मांडीवर घेऊन आलो मी?"

शिवयोगींनी ज्वारीत बोट घातलं. थंडगार काच लागली. एक, दोन, तीन, चार. धान्यबाजाराच्या बार्शीतल्या माणसाला धान्यापेक्षा सुरक्षित दुसरं काय सुचणार? त्यांनी कंडक्टरचे हात हातात घेतले, दोनदा हलवले आणि स्कूटरच्या फळीवर डबा ठेवून पायांच्या मध्ये दाबून धरत ते शेळगीतल्या घराकडे निघाले. वाटेतला प्रत्येक खड्डा त्यांनी नाव घेऊन चुकवला.

घराच्या दारात चपलांचे तीन जोड होते. रावसाहेबांचं अख्खं आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर गेलेलं, पाचचं बोलावणं असलं की ते चारला हजर असायचे, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

हॉलमध्ये अर्धवट अंधार होता. सोफ्यावर पांढऱ्या सदऱ्यातले रावसाहेब, शेजारी त्यांच्या पत्नी शालनबाई आणि कडेला यशपाल, असे तिघं घामाच्या धारा पुसत बसले होते. समोर भिंतीवर पंख्याच्या बटणावर 'हात लावू नये' ही पट्टी होती आणि कुणीही हात लावला नव्हता. महेश्वरी वर्तमानपत्रानं शालनबाईंना वारा घालत होती. कोपऱ्यात शिवयोगींच्या आई चन्नम्मा पाटावर बसून पाहुण्यांकडे कौतुकानं बघत होत्या.

"या, या," रावसाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. जणू घर त्यांचंच होतं. "आमी आपलं लवकर आलो. घाई न्हाय काय."

"काय झालं?" यशपालने शिवयोगींना बाजूला घेऊन विचारलं.

"काही नाही. व्हॉल्व्ह बदलतोय. नवे आणलेत."

"आज? आत्ता?"

"पाच मिनिटं दे."

शिवयोगींनी ज्वारीतून व्हॉल्व्ह काढले, फुंकर मारली, एकेक बसवला आणि डबा चालू केला. हळूहळू चार तारा लाल झाल्या. सगळे त्या उजेडाकडे बघत राहिले. शिवयोगींनी आवाजाचं बटण अगदी हळू फिरवलं. आधी काहीच आलं नाही. ते कॅसेट डेककडे वळले, आणि तेवढ्यात स्पीकरमधून फट्‌ असा आवाज येऊन सगळी पापडांची पंगत पुन्हा बसली.

शालनबाईंनी दचकून पदर डोक्यावर घेतला.

"हे कॅसेटीचं हाय व्हय?" रावसाहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"नाही बाबा, कॅसेट अजून लावलीच नाही," यशपाल म्हणाला. मग शिवयोगींच्या कानाशी येऊन तो अगदी हळू बोलला. त्याला राग आला की तो हळू बोलायचा. "नवी पेठेत दिली असती तर आत्तापर्यंत झालं असतं रे. मी काही म्हणत नाही. पण आज नको लावू. बाबांसमोर नको."

पंचवीस वर्षांत यशपाल त्यांच्याशी असं बोलला नव्हता. त्यांनी डबा बंद केला आणि बार्शीला फोन लावला.

"नवे घालूनही तेच?" अमरेशअण्णा म्हणाले. "मग व्हॉल्व्ह नाही. जिथं ते बसतात ती भोकं बघा. पण आधी प्लग काढा आणि पाच मिनिटं थांबा. आत अडीचशे व्होल्ट साठून राहतात. घाईत हात घातला तर तुमचाच फोटो भिंतीवर लागेल."

प्लग काढून शिवयोगी घड्याळाकडे बघत पाच मिनिटं उभे राहिले. महेश्वरीचं वर्तमानपत्र थांबलं होतं. मग त्यांनी नवे व्हॉल्व्ह काढून पंच्यावर ठेवले आणि बॅटरी आणायला आतल्या खोलीत गेले. बॅटरी सापडेना. ती त्यांच्याच खिशात होती, हे कळायला दोन मिनिटं गेली.

ते परत आले तेव्हा चन्नम्मा डब्यासमोर बसल्या होत्या. एका हातात विभूतीची ओली गट्टी होती, दुसऱ्या हातात बार्शीचा नवा व्हॉल्व्ह होता आणि त्या त्याच्या डोक्याला अंगठ्यानं विभूती फासत होत्या.

"अव्वा! काय करायलीस?"

"एनो शिवा, असं ओरडतोस कशाला?" चन्नम्मा शांतपणे म्हणाल्या. "नव्या वस्तू आणल्यास, पूजा न करता तशाच घातल्यास. म्हणून बोंबलायलेत ते. परवा खंडेनवमीला चौघांना लावली होती की मी, तवा कुठं ओरडले?"

शिवयोगी खाली बसले.

"खंडेनवमीला? चौघांना?"

"मग? घरातल्या सगळ्या हत्यारांना लावली. विळी, अडकित्ता, तुझी ती पकड. हे दिवे राहतील होय? एकेक काढला, पुसला, डोक्याला लावली, पायाला लावली. परत जागेवर ठेवला."

"पायाला?"

"नऊ नऊ पाय आहेत एकेकाला," चन्नम्मा तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "सगळ्यांना लावली. माझं कंबरडं मोडलं."

शिवयोगींनी रुमाल उघडला. त्यातला एक मेलेला व्हॉल्व्ह उचलून त्याच्या शेंड्यावर अंगठा घासला. पांढरं निघालं आणि खालून चंदेरी डाग आरशासारखा चमकला. दुसरा घासला, तोही चमकला. चारही जिवंत होते. रोज सकाळी आंघोळ करून तीच विभूती स्वतःच्या कपाळाला लावणाऱ्या माणसाला ती काचेवर ओळखता आली नव्हती. त्यांनी बॅटरी घेऊन डब्याची भोकं पाहिली. ओली विभूती वाळून प्रत्येक भोकात पांढरी भुकटी घट्ट बसलेली होती. खरखर तिथं होती.

आईला काही बोलावं, तर पाहुणे समोर. न बोलावं, तर पोटात आग. शेवटी ते एवढंच म्हणाले, "अव्वा, ती गट्टी आधी देवघरात ठेवून ये."

"आमच्या गिरणीत बी मागाला दसऱ्याला नारळ फोडायचे," रावसाहेब सोफ्यावरून म्हणाले. "धागा तुटायचा तो तुटायचाच. किती भोकं हायेत?"

"चार गुणिले नऊ. छत्तीस."

महेश्वरीने सासूबाईंच्या इन्सुलिनच्या पेटीतून स्पिरिट आणलं. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळला. शिवयोगींनी काडी हातात घेतली, पहिल्या भोकाशी नेली, आणि त्यांच्या हाताची थरथर सगळ्यांना दिसली. काडी भोकाच्या चारी बाजूंना लागत होती, आत जात नव्हती. सव्वापाच झाले.

"सरा की जरा," रावसाहेब म्हणाले. ते केव्हा उठून शेजारी आले ते कळलंच नाही. "द्या हिकडं."

"बाबा, तुम्ही नका..." यशपाल म्हणाला.

"गप रं. बत्तीस वर्सं मागाच्या फणीत सूत ववलंय मी. एकेका फणीला हजार-हजार फटी. छत्तीस भोकं म्हंजे काय, सकाळचा चा बी न्हाय."

ऐंशी वर्षांचा तो हात डब्यावर येऊन थांबला, तो थरथरला नाही. काडी सरळ आत गेली, अर्धा फेरा फिरली आणि पांढरी होऊन बाहेर आली. शिवयोगी कापूस बदलून देत होते, शालनबाई वाकून बॅटरी धरत होत्या आणि यशपाल मोजत होता. "अकरा. बारा. तेरा." चौतिसाव्या भोकाला रावसाहेबांनी एकदा श्वास घेतला. छत्तीस झाल्यावर काडी खाली ठेवून म्हणाले, "आता लाव."

शिवयोगींनी रुमालातले जुनेच व्हॉल्व्ह त्यांचे पाय स्पिरिटनं पुसून लावले. ते आपले होते. चार तारा लाल झाल्या. त्यांनी आवाजाचं बटण फिरवलं, अर्ध्यावर आणलं, मग पाऊण. स्पीकरमधून काहीच येईना.

"बंद पडलं?" महेश्वरीने घाबरून विचारलं.

"चालू आहे," शिवयोगी म्हणाले. "हे चालू आहे."

यशपालने लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं बटण दाबायच्या तयारीनं बोट ठेवलं. शिवयोगींनी कॅसेट दोन्ही हातांनी डेकमध्ये बसवली. तेवढ्यात रावसाहेबांनी हात वर केला.

"थांब. आधी सांगतो, मग लाव. ही कशी भरली ते म्हाईत पायजे." त्यांनी चन्नम्मांकडे पाहून सुरुवात केली, कारण बाकीच्यांनी ही गोष्ट ऐकलेली होती. "आमच्या वस्तीत दोन गायन पार्ट्या. एक माझी, एक बाळासोची. बाळासोचा गळा मोटा. माणसं म्हणायची, बाळासो भारी का रावसाहेब भारी? मग एका रातीला यशपालच्या मामानं टेप आणला आन आमच्या खोलीत माझं गाणं भरलं. माझं सोताचं, मीच रचल्यालं. आन शेवटच्या कडव्याला," रावसाहेब थांबले, "ही रडली."

सगळ्यांनी शालनबाईंकडे पाहिलं. शालनबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"टेपात हाय," रावसाहेब म्हणाले. "बारीक हाय, पर ऐकू येतंय. हुंदका. ती कॅसेट म्या समद्या सोलापुरात ऐकवली. बाळासोच्या गाण्याला कोण रडलंय का? कुणी न्हाय. तितं मिटला इषय. लाव आता."

शिवयोगींनी बटण दाबलं.

आधी टाळ्या वाजल्या, मग ढोलकीवर थाप पडली आणि मग चाळीस वर्षांचा एक माणूस त्या हॉलमध्ये येऊन उभा राहिला. आवाज भरदार होता, वर चढताना जरा खरवडत जाणारा, आणि इतका जवळ की चन्नम्मांनी मागे वळून पाहिलं. रावसाहेबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, पण घशातून काही निघत नव्हतं. यशपालने लॅपटॉपवरची नजर काढून वडिलांकडे पाहिलं आणि मग शिवयोगींकडे. मघाचं बोलणं त्याने त्या एका नजरेत परत घेतलं. शिवयोगींना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

शेवटचं कडवं आलं. रावसाहेबांनी डोळे न उघडता बोट वर केलं. आता ऐका, असं ते बोट सांगत होतं.

ढोलकी थांबली. आवाज एकटाच हळूहळू वर चढू लागला, आणि त्याच्या मागे, उजव्या बाजूनं, आलं.

खुर्रर्र.

शिवयोगी डब्यावर झेपावले. पुन्हा! कुठलं भोक राहिलं? त्यांचा हात बटणावर पोचला आणि तिथंच थांबला. आवाज विरला, जरा वेळ गेला, बारीक शीळ वाजली आणि पुन्हा तेवढ्याच संथपणे, तेवढ्याच समाधानानं आलं. खुर्रर्र. कुठलाही व्हॉल्व्ह असा श्वास घेत नाही.

"नोडु, बघ की," चन्नम्मा कौतुकानं म्हणाल्या. "कुणीतरी घोरायलंय."

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. टाळ्यांच्या मागेही घोरणं चालूच होतं, आणि टक्‌ करून कॅसेट थांबली. खोलीत कुणाला कुणाकडे बघायची हिंमत होईना. इतकी वर्षं जुन्या टेपांच्या खरखरीत जो हुंदका म्हणून खपला, तो शिवयोगींनी आज धुऊन-पुसून सगळ्यांसमोर ठेवला होता. तो लॅपटॉपवर कायमचा भरलाही गेला होता. शिवयोगींनी मनातल्या मनात जमिनीला विचारलं, जरा दुभंगतेस का.

"शालन," रावसाहेब म्हणाले. "तू रडली हुतीस न्हवं?"

"मी कवा म्हणले रडले म्हणून?" शालनबाईंनी कॅलेंडरवरची नजर काढली. "तुमीच सांगत फिरता. पहाटे चारला उठायची मी. दिसभर इड्या वळायच्या, सांजच्याला तुमच्या पार्टीच्या बारा माणसांच्या भाकरी थापायच्या. आन मग कोपऱ्यात बसून गाणं ऐकायचं. डोळा लागला."

"मग एवडी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"तुमी लई खुशीत हुता."

रावसाहेबांची मान खाली गेली. ऐंशीव्या वाढदिवसाला माणसाचा असा पराभव होऊ नये. यशपालने लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग थांबवलं.

शालनबाईंनीच नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरून जरा ओढली.

"आन झोप लागली म्हंजे गाणं चांगलंच हुतं की. त्या एवड्याशा खोलीत बारा माणसं, ढोलकी, टाळ्या. वंगाळ गायला असता तर झोप लागली असती व्हय मला?"

रावसाहेबांनी मान वर केली. मग पाठ सरळ झाली, सदऱ्याची कॉलर नीट झाली आणि ते चन्नम्मांकडे वळले.

"ऐकलं का आजी?" ते म्हणाले. "बाळासो गायला बसला की सगळी वस्ती जागी असायची."